हातोडा पडतो तेव्हा नेमकं काय ठरतं?

दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात एक बातमी ठरलेली असते: हवामान परिषदेत जवळपास दोनशे देशांनी अमुक करार मंजूर केला. तिच्यात एक आकडा मात्र कधीच सापडत नाही. बाजूने किती मतं पडली आणि विरोधात किती? तो आकडा नसतो, कारण मतं पडलेलीच नसतात. संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक करार १९९२ साली रिओत सह्यांसाठी खुला झाला, मार्च १९९४ मध्ये लागू झाला, आणि १९९५ पासून (कोविडचं २०२० वगळता) दरवर्षी त्याच्या सदस्यांची परिषद, म्हणजे ‘कॉप’, भरते. कोळसा असो, तेल असो की पैसा, एवढ्या वर्षांत कुठल्याही मोठ्या प्रश्नावर तिथं मतदान झालेलं नाही.

याची सुरुवात पहिल्याच परिषदेत झाली. १९९५ च्या वसंतात बर्लिनला ती भरली तेव्हा अध्यक्षस्थानी होत्या जर्मनीच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री अंगेला मेर्केल. सभा चालवायची तर नियम हवेत, म्हणून नियमावलीचा मसुदा तयार होता. त्यातला बेचाळिसावा नियम मतदानाचा. सहमतीसाठी सगळे प्रयत्न करून झाल्यावर शेवटचा उपाय म्हणून मतदान घ्यावं आणि दोन-तृतीयांश बहुमतानं निर्णय व्हावा, असं बऱ्याच देशांचं म्हणणं होतं. सौदी अरेबिया आणि इतर तेल निर्यातदार देश याला तयार नव्हते. तेल विकणारे मूठभर आणि तेल विकत घेणारे शंभरावर, अशा सभेत मतदान म्हणजे आपला पराभव, हे त्यांना कळत होतं. वाद मिटला नाही आणि नियमावली मंजूर झाली नाही. तेव्हापासून आजतागायत प्रत्येक परिषदेत तोच मसुदा ‘नियम ४२ वगळून लागू’ केला जातो. तीस वर्षं जगातली ही सगळ्यात मोठी वाटाघाट कच्च्या नियमांवर चालली आहे.

गंमत अशी, की मूळ करारात मतदानाला सरसकट बंदी नाही. करारात दुरुस्ती करायची असेल तर शेवटचा उपाय म्हणून तीन-चतुर्थांश बहुमत चालेल, असं पंधराव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. त्याच वाटेनं जाऊन मतदानाचं दार उघडावं, असा प्रस्ताव पापुआ न्यू गिनी आणि मेक्सिको यांनी २०११ मध्ये मांडला. पुढे तो वर्षानुवर्षं विषयपत्रिकेवर येत राहिला. मतदान हवं की नको हेसुद्धा मतदानाशिवायच ठरवायचं, म्हटल्यावर दुसरं काय होणार!

मग निर्णय होतो कसा? सर्वसहमतीनं. आणि सर्वसहमतीची व्याख्या या परिषदेच्या कुठल्याही कागदावर नाही. प्रघात एवढाच, की अध्यक्ष मसुदा पुढे ठेवतात, सभागृहावर नजर फिरवतात, ‘हरकत दिसत नाही’ म्हणतात आणि हातोडा आपटतात. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या इतिवृत्तात ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असं वाक्य असतं, तेव्हा ठराव सगळ्यांना पटलेला असतोच असं नाही. रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि भांडायला कुणी उरलेलं नसतं. इथंही सहमती म्हणजे होकार नव्हे. योग्य क्षणी कुणी नकार दिला नाही, इतकाच तिचा अर्थ. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की परिषदेतल्या बाकीच्या विचित्र वाटणाऱ्या रीती आपोआप उलगडतात.

नकार द्यायची पहिली संधी विषयपत्रिकेवरच मिळते. परिषद वर्षअखेरीस असली तरी खरं काम जूनमध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात सुरू होतं. कराराचं सचिवालय तिथं आहे आणि दोन उपसमित्या तिथं दोन आठवडे बसतात. पहिल्या दिवशी विषयपत्रिका मंजूर करायची असते. ज्या विषयाला पत्रिकेत जागा मिळत नाही त्यावर बोलता येत नाही, म्हणून भांडण तिथूनच लागतं. जून २०२३ मध्ये बॉनची बैठक पाच तारखेला सुरू झाली आणि विषयपत्रिका मंजूर झाली चौदा तारखेला, बैठक संपायच्या आदल्या दिवशी. उत्सर्जन घटवण्याचा विषय घ्यायचा तर त्यासाठी लागणाऱ्या पैशाचाही घ्या, असा विकसनशील देशांतल्या एका गटाचा आग्रह होता. मधले दिवस सगळे ‘तात्पुरत्या’ पत्रिकेवर काम करत होते. वाया गेलेला वेळ म्हणून यावर टीका होते, पण मला ती अर्धवट वाटते. कशावर बोलायचं हे ज्यानं ठरवलं त्यानं अर्धी लढाई जिंकलेली असते, आणि हे मुरलेल्या प्रतिनिधींना पक्कं ठाऊक असतं.

पत्रिका ठरली की विषय छोट्या खोल्यांत वाटले जातात. प्रत्येक खोलीत दोन सह-समन्वयक असतात, सहसा एक विकसित देशातला आणि एक विकसनशील देशातला. मोठ्या सभागृहात सहा भाषांत दुभाषे असतात. या खोल्यांत सगळं इंग्रजीत चालतं. भिंतीवरच्या पडद्यावर मसुदा असतो आणि त्यावर चौकोनी कंस उमटत जातात. कंसातला मजकूर म्हणजे अजून कुणाची तरी हरकत असलेला मजकूर. कल्पनेनं एक वाक्य रचून पाहू:

[विकसित] देश २०३५ पर्यंत [दरवर्षी किमान [ ] अब्ज डॉलर] [देतील] [देण्याचा प्रयत्न करतील] [आणि इतर सक्षम देशांनाही त्यासाठी आवाहन करण्यात येत आहे].

एका ओळीत चार भांडणं आहेत. ‘विकसित’ हा शब्द कंसात, कारण चीन आणि आखाती देशांनीही पैसे द्यावेत असं युरोप-अमेरिकेला वाटतं. आकड्याची जागा रिकामी, कारण आकडा शेवटच्या रात्रीपर्यंत कुणीच उघड करत नाही. आधी बोलेल तो फसतो. ‘देतील’ आणि ‘देण्याचा प्रयत्न करतील’ यांत कायदेशीर बंधनाचा फरक. आणि शेवटचं आवाहन राहिलं तर पहिल्या कंसाचा निकाल कसा लागला हे त्यातूनच दिसतं. अशी शेकडो वाक्यं असतात. कंस काढणं हेच काम. त्याला बहुमताचा आधार नसल्यामुळे एकेक कंस काहीतरी देऊन सोडवावा लागतो, आणि बऱ्याचदा एका खोलीतला कंस दुसऱ्या खोलीत काहीतरी मिळाल्यावरच सुटतो.

दोनशे देश एकेकटे बोलत बसले तर हे कधीच आटोपणार नाही, म्हणून गट आहेत. सगळ्यात मोठा गट ‘जी-७७ आणि चीन’. नावात सत्त्याहत्तर, प्रत्यक्षात १३० हून जास्त देश. त्याच्या पोटात आफ्रिकी देशांचा गट, अतिअविकसित देशांचा गट, एकोणचाळीस छोट्या बेटांची आघाडी, अरब गट, आणि भारत, चीन, सौदी अरेबिया ज्यात आहेत तो ‘समविचारी विकसनशील देशां’चा गट. शिवाय कोपनहेगनच्या परिषदेच्या तोंडावर २००९ मध्ये ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत आणि चीन यांनी ‘बेसिक’ जमवला. पलीकडे युरोपीय संघ एका आवाजात बोलतो. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया ज्यात असत तो ‘अम्ब्रेला’ गट वेगळा. भारत एकाच वेळी तीन गटांत असतो, आणि कुठल्या विषयावर कुठल्या गटाच्या तोंडून बोलायचं यात त्याचं कसब असतं. बुडत्या बेटांना आणि सौदी अरेबियाला जी-७७ नावाच्या एकाच छत्रीखाली बसवणं हे कसं जमतं, असा प्रश्न पडेल. पैशाच्या विषयावर जमतं. तेलाच्या विषयावर नाही.

ज्या खोलीत कंस सुटतच नाहीत तिथं कच्च्या नियमावलीतला सोळावा नियम लागतो: अपुरा राहिलेला विषय आपोआप पुढच्या बैठकीच्या पत्रिकेत जातो. निर्णय नाही, चर्चेची नोंदही नाही. २०१८ मध्ये पोलंडच्या कातोवित्सेला याचं चांगलंच दर्शन घडलं. जागतिक तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याविषयीचा शास्त्रज्ञांचा अहवाल या परिषदेनंच मागवला होता. बहुतेक देश म्हणाले, त्याचं ‘स्वागत’ करू. सौदी अरेबिया, कुवेत, रशिया आणि अमेरिका म्हणाले, फक्त ‘नोंद’ घेऊ. स्वागत म्हणजे निष्कर्ष मान्य केल्यासारखं आणि नोंद म्हणजे टपाल मिळाल्याची पावती. तोडगा निघाला नाही आणि उपसमितीत विषयाला सोळावा नियम लागला. चार देश एका बाजूला, बाकी जग दुसऱ्या बाजूला, आणि निकाल चौघांच्या बाजूनं. हरकत घेणाऱ्याला काही सिद्ध करावं लागत नाही. त्यानं फक्त थांबायचं असतं.

परिषदेच्या दुसऱ्या आठवड्यात मंत्री येतात. अवघड विषयांवर अध्यक्ष दोन-दोन मंत्र्यांच्या जोड्या लावतात आणि त्या दारोदार फिरून कुणाची कुठवर तयारी आहे हे हुडकतात. मग अध्यक्ष स्वतःचा मसुदा काढतात. हा धोक्याचा क्षण असतो. तोवरचा मसुदा सगळ्यांचा असतो, कंसांनी भरलेला. अध्यक्षांच्या मसुद्यात कंस नसतात. ‘घ्या नाहीतर सोडा’ असंच त्याचं स्वरूप. तो शक्यतो उशिरा काढतात, विमानांची तिकिटं जवळ आलेली असताना. छोट्या देशांचे चार-पाच प्रतिनिधी एकाच वेळी चालणाऱ्या डझनभर बैठकांना पुरे पडत नाहीत आणि शेवटच्या रात्री पहाटे तीन वाजता आलेला मसुदा वाचायला ते जागे असतील याचाही नेम नाही. परिषद शुक्रवारी संपायची असते आणि शनिवारी किंवा रविवारी संपते.

ग्लासगोत १३ नोव्हेंबर २०२१ च्या शनिवारी हेच झालं. या परिषदेच्या मुख्य निर्णयात प्रथमच कोळशाचं नाव येणार होतं. पहिल्या मसुद्यात कोळसा टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचं आवाहन होतं. नंतरच्या मसुद्यांत त्याला विशेषणं चिकटली: कर्बवायू न पकडणारी कोळशावरची वीज, अकार्यक्षम इंधन अनुदानं. समारोपाची सभा दुपारी लांबत गेली. सभागृहातच ठिकठिकाणी कोंडाळी जमली: अमेरिकेचे जॉन केरी, चीनचे शे झेनहुआ, युरोपचे फ्रान्स टिमरमन्स आणि हातात कागद घेऊन त्यांच्यात ये-जा करणारे अध्यक्ष आलोक शर्मा. मग भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव उठले आणि त्यांनी सुधारित वाक्य वाचून दाखवलं. कोळशावरची वीज टप्प्याटप्प्यानं ‘बंद’ करण्याऐवजी टप्प्याटप्प्यानं ‘कमी’ करणं. स्वित्झर्लंडनं तीव्र नाराजी बोलून दाखवली. फिजी आणि मार्शल बेटं दुखावली. पण हरकतीसाठी आपल्या देशाची पाटी कुणी उभी केली नाही, कारण केली असती तर अख्खा निर्णय कोसळला असता. शर्मांनी प्रक्रिया अशी झाल्याबद्दल माफी मागितली, त्यांचा आवाज दाटला, आणि हातोडा पडला.

दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांत भारत खलनायक. वस्तुस्थिती थोडी निराळी होती. ‘कमी करणे’ हा शब्दप्रयोग तीनच दिवस आधी, १० नोव्हेंबरला, अमेरिका आणि चीन यांच्या संयुक्त निवेदनात येऊन गेला होता. जगातल्या दोन सर्वांत मोठ्या उत्सर्जकांनी आपसांत जे ठरवलं त्यापलीकडे परिषद जाणार नव्हतीच. ते वाक्य भर सभेत वाचण्याचं काम भारताकडे आलं. ज्या देशाची सुमारे सत्तर टक्के वीज कोळशावर होते त्यानं ते पत्करणं समजण्यासारखं आहे. पण तेल आणि वायूचं नाव न घेता फक्त कोळशाला पकडणं भारताला का खटकलं, हा मुद्दा त्या गदारोळात हरवला.

भारताची हरकत ऐकली गेली. सगळ्यांची ऐकली जात नाही, आणि माझ्या मते या यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. २०१० मध्ये कानकूनला बोलिव्हियानं स्पष्ट, पुन्हापुन्हा, ध्वनिक्षेपकावर विरोध केला. अध्यक्ष पात्रिसिया एस्पिनोसा म्हणाल्या की सर्वसहमती म्हणजे एकमत नव्हे, एका देशाला नकाराधिकार देता येणार नाही. हातोडा पडला आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. २०१५ मध्ये पॅरिसला मसुद्यात विकसित देशांवर कायदेशीर बंधन येईल असं एक क्रियापद आलं. तसं राहिलं असतं तर करार अमेरिकी सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथं त्याचं काय झालं असतं हे सांगायला नको. सचिवालयाच्या अधिकाऱ्यानं मसुद्यातल्या किरकोळ दुरुस्त्या वाचल्या, त्यांत ते क्रियापद मऊ झालं. अध्यक्ष लोरां फाब्यूस यांनी हातोडा आपटला. निकाराग्वाला त्यानंतर बोलू दिलं. अमेरिकेची हरकत ही छपाईची चूक ठरली आणि निकाराग्वाची हरकत इतिवृत्तातली नोंद.

मोठ्या देशाला डावललं की काय होतं तेही एकदा दिसलं. २०१२ मध्ये दोहात क्योटो कराराच्या पुढच्या टप्प्यावर रशिया, युक्रेन आणि बेलारूस हरकत घेऊ पाहत होते. अध्यक्ष अल-अतिया यांनी तिकडे न बघता भराभर हातोडे आपटले. रशियानं तो राग गिळला नाही. पुढच्या जूनमध्ये बॉनला याच तीन देशांनी एका उपसमितीची विषयपत्रिकाच मंजूर होऊ दिली नाही आणि तिचे दोन आठवडे पाण्यात गेले. बोलिव्हियाला असं काही करता आलं नव्हतं.

दुबईत १३ डिसेंबर २०२३ ला तर विरोध करायला माणसंच सभागृहात नव्हती. छोट्या बेटांचे प्रतिनिधी बाहेर आपली भूमिका ठरवत होते. ते आत येईपर्यंत अध्यक्ष सुलतान अल जाबेर यांचा हातोडा पडून गेला होता. सामोआच्या अ‍ॅन रासमुसेन यांनी आम्ही खोलीत नव्हतो हे शांतपणे सांगितलं, आणि सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. निर्णय तसाच राहिला.

आणि भारतालाही याची चव मिळाली. बाकूत २४ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचं उद्दिष्ट मंजूर झालं. अर्थ मंत्रालयाच्या सल्लागार चांदनी रैना यांनी हा दस्तऐवज दृष्टिभ्रम असल्याचं म्हटलं आणि बोलण्याची मागणी आधीच केलेली असताना हातोडा पडला अशी तक्रार केली. ग्लासगोत ऐकलेला देश तीन वर्षांत न ऐकण्याजोगा का झाला? ग्लासगोत हरकत हातोड्याच्या आधी आली आणि चीनलाही तेच हवं होतं. बाकूत ती मांडायची संधी हातोड्यानंतर मिळाली, आणि गरीब देशांनाही पुढच्या वर्षासाठी थांबणं परवडणारं नव्हतं; अमेरिकेत ट्रम्प निवडून आलेले होते आणि आज हाती लागेल तेवढं घ्यावं असं अनेकांना वाटत होतं. तीनशे अब्जांनी बेटं आणि अतिअविकसित देश इतके नाराज होते की आदल्या दिवशी ते एका बैठकीतून उठून गेले होते. तेच पहाटे गप्प बसले.

एवढं करून निर्णय झाला की तो काय करतो? फार थोडं, आणि तेही क्रियापदावर अवलंबून. ‘ठरवते’, ‘विनंती करते’, ‘आवाहन करते’, ‘आमंत्रण देते’, ‘प्रोत्साहन देते’, ‘नोंद घेते’ अशी उतरंड आहे. दुबईच्या निर्णयातला अठ्ठाविसावा परिच्छेद पाहा. जगातली अक्षय ऊर्जेची क्षमता २०३० पर्यंत तिप्पट करणं, ऊर्जा कार्यक्षमता वाढण्याचा वेग दुप्पट करणं आणि ऊर्जा व्यवस्थेतून जीवाश्म इंधनांपासून दूर सरकणं, हे सगळं त्यात आहे. पण देशांना केलेलं आहे ते आवाहन, आणि तेही ‘आपापल्या परीनं हातभार लावा’ असं. तिपटीचं वाक्यही दुबईत जन्मलेलं नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या जी-२० जाहीरनाम्यात ते आलं, नोव्हेंबरमध्ये अमेरिका-चीन निवेदनात पुन्हा आलं, आणि मग दुबईला पोचलं. ऊर्जा धोरणावरचं सहकार्य दहा-वीस मोठ्या देशांच्या बैठकांत शिजतं आणि दोनशे देशांपुढे वाढलं जातं.

पॅरिस कराराची रचनाही याच गुणदोषांतून आली. क्योटो करारात श्रीमंत देशांना उत्सर्जन घटवण्याचे आकडे बांधून दिले होते. असे आकडे सगळ्या जगाला सर्वसहमतीनं बांधून देणं अशक्य होतं, म्हणून पॅरिसमध्ये ज्यानं त्यानं आपला आकडा आपल्या घरी ठरवून आणायचा असं ठरलं. परिषद फक्त विचारते: आणला का, मागच्यापेक्षा मोठा आहे का?

मतदान असतं तर सगळं सरळ झालं असतं, असं वाटणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२५ मधली लंडनची बैठक आठवावी. ती होती आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची, आणि तिथं मतदान होतं. जहाजांच्या उत्सर्जनावर शुल्क आणणारा आराखडा एप्रिलमध्ये ६३ विरुद्ध १६ मतांनी पुढे सरकला होता. सहा महिन्यांनी, अमेरिकेच्या दबावाखाली आणि सौदी अरेबियाच्या प्रस्तावावर, तो ५७ विरुद्ध ४९ मतांनी वर्षभर लांबणीवर पडला. हरकत घेण्याऐवजी मतं जमवली, एवढाच फरक.

सर्वसहमतीचा अंमल परिषद कुठे भरवायची यावरही चालतो. यजमानपद संयुक्त राष्ट्रांच्या पाच प्रादेशिक गटांत फिरतं आणि गटानं यजमान आपसांत सहमतीनं सुचवायचा असतो. २०२६ साठी तुर्कस्तान आणि ऑस्ट्रेलिया दोघेही अडून बसले. दोघांपैकी कुणीच हटलं नाही तर परिषद आपोआप बॉनला जाते, असा नियम. बॉनला ती नको होती. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेंमध्ये तोडगा निघाला: परिषद तुर्कस्तानात अंतल्याला भरेल, पूर्वतयारीची बैठक प्रशांत महासागरातल्या बेटांवर होईल, आणि वाटाघाटींचं अध्यक्षपद ऑस्ट्रेलियाचे मंत्री ख्रिस बोवेन यांच्याकडे राहील.